रिकाम्या भांड्याचा धडा



गेल्या अंकात आपण अणूच्या आत शिरून केंद्रकाच्या दारापर्यंत पोचलो होतो. तो लेख वाचून एका वाचकांनी पत्र पाठवलं. त्यांचा प्रश्न थोडक्यात असा : "केंद्रक म्हणजे प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांची मोळी. मग एक सुटा प्रोटॉन आणि एक सुटा न्यूट्रॉन नीट तपासला, की लोखंडाचं काय किंवा सोन्याचं काय, केंद्रक समजलंच की! नुसतं संख्येनं गुणायचं."

प्रश्न रास्त आहे. इतका रास्त, की टकरींच्या प्रयोगांपुरतं तरी १९८३ सालापर्यंत या विषयातले मातब्बरही असंच धरून चालले होते. तो गुणाकार का बसेना, हे कसं लक्षात आलं, चाळीस वर्षं उलटून गेल्यावरही त्याचं पुरतं उत्तर का मिळालेलं नाही, आणि ते शोधण्यासाठी न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडवर काय घाट घातला जातोय, ही आजची हकीकत.

आधी थोडी उजळणी. अणूला मधोमध केंद्रक असतं हे रुदरफोर्डनं १९११ साली मांडलं. अणू फुगवून वानखेडे स्टेडियमएवढा केला तर केंद्रक मधल्या खेळपट्टीवरच्या वाटाण्याएवढं. पण अणूच्या वस्तुमानाचा ९९.९ टक्क्यांहून जास्त भाग त्या वाटाण्यात! म्हणजे आपण सकाळी वजनकाट्यावर उभे राहतो आणि उसासा टाकतो, तेव्हा तो सगळा भार केंद्रकांचाच असतो. बिचाऱ्या इलेक्ट्रॉनला दोष देण्यात अर्थ नाही.

केंद्रकात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन. त्यांच्या आत क्वार्क. क्वार्कची कल्पना १९६४ साली गेल-मान आणि झ्वाइग यांनी स्वतंत्रपणे मांडली. ते खरोखरच आत आहेत याचा पुरावा मिळू लागला तो १९६७ नंतर, कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डच्या स्लॅक या प्रयोगशाळेत. तिथल्या दोन मैल लांब सरळसोट यंत्रातून इलेक्ट्रॉन पळवायचे आणि प्रोटॉनवर आदळायचे. या कामासाठी फ्रीडमन, केंडॉल आणि टेलर यांना १९९० सालचं नोबेल पारितोषिक मिळालं.

क्वार्क कुणाला डोळ्यांनी दिसत नाही. मग मोजतात काय? इलेक्ट्रॉन एका क्वार्कवर आपटतो आणि वाट वाकडी करून बाहेर पडतो. तो किती कोनात वळला आणि किती ऊर्जा गमावून बसला, एवढं टिपलं की पुरतं. त्यावरून, ज्या क्वार्कवर तो आपटला त्याच्या वाट्याला प्रोटॉनच्या एकूण संवेगाचा, म्हणजे धावत्या वस्तूच्या रेट्याचा, किती हिस्सा होता हे गणितानं काढता येतं. प्रोटॉनचा सगळा रेटा एक रुपया धरला तर कुणा क्वार्ककडे दोन आणे, कुणाकडे चार, क्वचित कुणाकडे दहा-बारा. हे आकडे सतत बदलत असतात. पण लाखो टकरी नोंदल्या की सरासरीनं एक पक्कं वाटपपत्रक तयार होतं : इतक्या आण्यांचे क्वार्क इतके. आजच्या लेखात हा शब्द ध्यानात ठेवा. सगळं भांडण या वाटपपत्रकावरून आहे.

आता पत्रातल्या प्रश्नाकडे येऊ. सुट्या प्रोटॉनचं वाटपपत्रक आणि लोखंडाच्या केंद्रकात बसलेल्या प्रोटॉनचं वाटपपत्रक यांत फरक पडावा का?

जाणत्या मंडळींचं उत्तर होतं, पडू नये. त्यांचा हिशेब साधा होता. प्रोटॉन-न्यूट्रॉनना केंद्रकात बांधून ठेवणारी ऊर्जा दर कणामागे साधारण ८० लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट. एका प्रोटॉनच्या वस्तुमानातली ऊर्जा ९३ कोटी ८० लाख. म्हणजे रुपयामागे पैसाही नाही. आणि टकरीची ऊर्जा? ती हजारो कोटींत. जिथे हजारो कोटींची उलाढाल चालते, तिथे ८० लाखांच्या दोरीनं बांधलेल्या मोळीतला प्रोटॉन आणि सुटा प्रोटॉन यांत काय फरक दिसणार?

केंद्रकात राहिल्यानं कणाचं नशीब बदलतं हे मात्र त्यांनाही ठाऊक होतं. सुटा न्यूट्रॉन सरासरी पंधरा मिनिटांच्या आत मोडतो. तोच लोखंडाच्या केंद्रकात असला तर अब्जावधी वर्षं सुखानं नांदतो. पण त्याचा उलगडा ऊर्जेच्या जमाखर्चानं होत होता. न्यूट्रॉन मोडला तर खर्च जास्त आणि जमा कमी, म्हणून तो मोडत नाही. त्यासाठी त्याच्या आतली मांडणी बदलते असं मानायची गरज नव्हती.

आणि मग आलं १९८३ साल. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत युरोपियन म्यूऑन कोलॅबरेशन नावाचा एक मोठा गट काम करत होता. म्यूऑन म्हणजे इलेक्ट्रॉनचा वजनदार भाऊ. त्यांच्या म्यूऑनची ऊर्जा २८ हजार कोटी इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत जाई. पण म्यूऑनची धार इलेक्ट्रॉनच्या मानानं बारीक. टकरी भरपूर व्हायच्या तर समोर भरपूर माल हवा, म्हणून त्यांनी लोखंड ठेवलं. लोखंड स्वस्त, जड, आणि सगळ्यांच्या समजुतीप्रमाणे प्रोटॉन-न्यूट्रॉनचं नुसतं पोतं. तुलनेसाठी दुसरीकडे ड्यूटेरियम, ज्याच्या केंद्रकात एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन अगदी सैल हात धरून असतात. सुट्या न्यूट्रॉनचा ढीग रचता येत नसल्यामुळे 'जवळजवळ सुटे' कण म्हणून ड्यूटेरियमच वापरतात.

दर कणामागचं लोखंडाचं वाटपपत्रक भागिले ड्यूटेरियमचं, उत्तर एकच्या आसपास यायला हवं होतं. अगदी वरच्या टोकाला थोडी वाढच अपेक्षित होती, कारण केंद्रकातले कण जागेवर स्वस्थ नसतात, त्यांची स्वतःची धावपळ चालू असते. प्रत्यक्षात आलेख उलटाच, खाली उतरत गेला. सुमारे पाच आण्यांपासून दहा-अकरा आण्यांपर्यंत हिस्सा असलेले श्रीमंत क्वार्क लोखंडात कमी भरले. दहा आण्यांच्या आसपास तर तूट दहा ते पंधरा टक्क्यांची! रुपयामागे पैशाचाही फरक पडू नये म्हणत होतो, तिथे पंधरा पैसे गायब.

असा निकाल हाती आला की पहिला संशय स्वतःच्या यंत्रावर घ्यायचा, ही शास्त्रातली रीत. दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्या यंत्रावर, वेगळ्या पद्धतीनं तपासायला हवं. त्याला किती वर्षं लागणार? आता गंमत ऐका.

आपल्याकडे वाण्याच्या दुकानात तेल घ्यायला घरचं भांडं घेऊन गेलं, की वाणी आधी रिकामं भांडं एका पारड्यात ठेवून दुसऱ्या पारड्यात खडे-वजनं टाकून काटा बरोबर करायचा. याला म्हणतात धडा करणं. भांड्याचं वजन तेलात धरलं जाऊ नये म्हणून. धडा झाला की त्या वजनाशी कुणाला देणंघेणं नाही. लक्ष सगळं तेलाकडे.

स्लॅकच्या इलेक्ट्रॉनवाल्यांनाही धडा करावाच लागे. त्यांचा माल म्हणजे द्रवरूप हायड्रोजन आणि ड्यूटेरियम. तो ठेवायला धातूचं भांडं हवं. इलेक्ट्रॉन आत जाताना आणि बाहेर येताना भांड्याच्या भिंतींवरही आपटणार. म्हणून रिकाम्या भांड्यावर वेगळा मारा करून त्या टकरी मोजायच्या आणि एकूण बेरजेतून वजा करायच्या. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला झालेल्या या प्रयोगांपैकी एकात भांडं पोलादाचं होतं, दुसऱ्यात ॲल्युमिनियमचं. वजाबाकी झाली, हायड्रोजन-ड्यूटेरियमचे निकाल छापून आले, आणि धड्याचे आकडे दप्तरात पडून राहिले.

सर्नचा निकाल आला तेव्हा रॉचेस्टर विद्यापीठाचे एरी बोडेक आणि त्यांचे सहकारी यांनी ते दप्तर पुन्हा उघडलं. पोलाद म्हणजे बहुतांशी लोखंडच! म्हणजे लोखंडावरच्या इलेक्ट्रॉनच्या टकरींची नोंद दहा-बारा वर्षं तशीच पडून होती. ती त्यांनी ड्यूटेरियमशी ताडून पाहिली, आणि तीच उतरण दिसली. मग ॲल्युमिनियम पाहिलं. तिथेही तेच. १९८३ सालातच दोन्ही निबंध प्रसिद्ध झाले. दुसरी प्रयोगशाळा, दुसरे कण, वेगळी ऊर्जा, आणि साक्ष एकच. धडा करायला मोजलेल्या भांड्यानं सगळ्या जगाला धडा शिकवला तो असा.

आम्हांला या हकीकतीतलं हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. नवी गोष्ट नेहमी नव्या यंत्रातच सापडते असं नाही. वजा करून बाजूला ठेवलेल्या रकान्यातही ती असू शकते. अट एवढीच, की तो रकाना प्रामाणिकपणे भरलेला हवा आणि जपून ठेवलेला हवा. आपली मुलं सायन्स फेअरसाठी आकडे लिहितात तेव्हा 'नको ते' आकडे खोडून टाकू नका असं त्यांना जरूर सांगा.

त्यानंतर स्लॅकनं खास याच कामासाठी प्रयोग केला आणि हेलियमपासून सोन्यापर्यंतची केंद्रकं ओळीनं तपासली. तूट सगळीकडे होती आणि साधारणपणे केंद्रक जितकं जड तितकी ती जास्त. शंकेला जागा उरली नाही. केंद्रकातला प्रोटॉन म्हणजे सुट्या प्रोटॉनची हुबेहूब नक्कल नव्हे. आपली जुनी म्हण आहे ना, ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला! प्रोटॉनचा वाण तोच. विद्युतभार तोच, नावही तेच. पण शेजाऱ्यांचा गुण लागून आतलं वाटपपत्रक बदललेलं.

पण हा गुण नक्की लागतो कसा? इथून खरी वादावादी सुरू झाली. शेकडो निबंध निघाले. या परिणामाला त्या गटाच्या आद्याक्षरांवरून 'ईएमसी परिणाम' असं नाव पडलं होतं. त्या तीन अक्षरांचा अर्थ 'एव्हरीवन्स मॉडेल इज कूल' असा आहे, अशी थट्टा शास्त्रज्ञांतच चालत असे. ज्याचा त्याला आपला तर्क गोमटा.

काही तर्क मात्र प्रयोगांनी निकालात काढले. एक लोकप्रिय कल्पना अशी होती की केंद्रकात प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या अधेमधे पायॉन नावाचे कण जादा प्रमाणात ये-जा करतात आणि रुपयातला काही भाग ते पळवतात. तसं असेल तर पायॉनबरोबर येणारे प्रतिक्वार्कही केंद्रकात जास्त सापडायला हवेत. शिकागोजवळच्या फर्मिलॅबमध्ये वेगवान प्रोटॉन वेगवेगळ्या धातूंवर मारून ते शोधण्यात आले. १९९० साली निकाल आला : तशी वाढ दिसली नाही. ती कल्पना तशीच्या तशी टिकली नाही.

पुढचा मोठा धागा मिळाला तो व्हर्जिनियातल्या न्यूपोर्ट न्यूज गावी, जेफरसन लॅबमध्ये. तिथे हलकी केंद्रकं बारकाईनं तपासली. त्यांत बेरिलियमनं घोळ घातला. बेरिलियमच्या केंद्रकात नऊ कण. सरासरी घनता कमी, म्हणजे जागा ऐसपैस. तेव्हा शेजाराचा गुण कमी लागायला हवा. पण २००९ साली आलेल्या निकालात बेरिलियममधला परिणाम जवळजवळ कार्बनइतका निघाला! कारण त्याची अंतर्गत मांडणी. चार-चार कणांचे दोन घट्ट पुंजके आणि एक न्यूट्रॉन एकटा. चाळीतल्या दोन खोल्यांत चार-चार माणसं दाटीवाटीनं राहतात, मधल्या मोकळ्या अंगणात नववा एकटा फेऱ्या मारतो, अशी कल्पना करा. एकूण जागा भागिले माणसं केलं तर आकडा मोठा छान येतो, पण खोलीतल्या माणसाला विचारा! थोडक्यात, महत्त्वाची ती सरासरी गर्दी नव्हे. प्रत्यक्ष खेटून कोण उभं आहे, ते महत्त्वाचं.

आणि अगदी खेटून येणाऱ्या कणांचा एक निराळाच खेळ प्रयोगांत दिसत होता. मंगळागौरीची फुगडी आठवा. दोघी हात घट्ट धरतात, मागे रेलतात आणि गरागरा फिरतात. मध्येच हात सुटले तर? एक इकडे, दुसरी बरोबर उलट दिशेला. केंद्रकातले दोन कण कधी कधी इतके जवळ येतात की क्षणभर अशीच फुगडी घालतात. दोघांचा वेग बाकीच्यांपेक्षा कितीतरी जास्त, आणि दिशा परस्परांविरुद्ध. टकरीत त्यातला एक उडवला की जोडीदार उलट दिशेनं बाहेर फेकला जातो. ब्रूकहेवनला प्रोटॉन मारून आणि जेफरसन लॅबमध्ये इलेक्ट्रॉन मारून अशा जोड्या टिपल्या गेल्या.

२००८ साली जेफरसन लॅबमधल्या गटानं कार्बनचा हिशेब प्रसिद्ध केला. कोणत्याही क्षणी साधारण ८० टक्के कण आपापले फिरत असतात आणि सुमारे २० टक्के फुगडीत असतात. त्यातही नव्वद टक्के जोड्या एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन अशा मिश्र. प्रोटॉन-प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन-न्यूट्रॉन अगदी विरळा. याचा एक मजेदार परिणाम २०१४ साली ॲल्युमिनियम, लोखंड आणि शिसं यांत दाखवला गेला. शिशाच्या केंद्रकात न्यूट्रॉन १२६ आणि प्रोटॉन ८२. फुगडी सासरच्या मुलीनं माहेरच्या मुलीशीच घालायची असा नियम केला, तर ज्या बाजूला मुली कमी त्यांच्यावर पाळी जास्त वेळा येणार. तसंच इथे. संख्येनं कमी असलेले प्रोटॉन जास्त प्रमाणात वेगवान सापडतात.

आता हे दोन धागे एकत्र आणा. २०११ साली असं दाखवण्यात आलं की ज्या केंद्रकात फुगड्या जास्त, त्यात क्वार्कांच्या वाटपातली तूटही जास्त, आणि हे नातं जवळजवळ सरळ रेषेत बसतं. २०१९ साली नेचर या साप्ताहिकात आलेल्या निबंधानं तेच आणखी नेमकेपणानं मांडलं. म्हणजे सगळेच कण थोडे थोडे बदलत नसून, फुगडीतले थोडे कण, तेवढ्या क्षणापुरते, खूप बदलत असतील का? एका पक्षाचं म्हणणं तसं आहे. दुसरा पक्ष म्हणतो, दोन गोष्टी एकत्र वाढतात म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही. दोन्हींचं मूळ दाटीत असेल आणि बदल सगळ्यांतच थोडा थोडा झालेला असेल. पावसाळ्यात छत्र्या वाढतात आणि बेडूकही वाढतात, म्हणून छत्रीतून बेडूक निघत नाही! निवाडा अजून व्हायचा आहे. त्यासाठी ड्यूटेरियममधल्या एका कणावर टक्कर घडवायची आणि त्याच वेळी मागे फेकला गेलेला जोडीदार पकडायचा, म्हणजे फुगडी चालू असतानाचंच वाटपपत्रक हाती येईल, असे प्रयोग जेफरसन लॅबनं हाती घेतले आहेत.

"हे सगळं ठीक, पण याच्यावाचून कुणाचं अडलंय का?" असं कुणी विचारील. अडलंय. फर्मिलॅबमधून न्यूट्रिनोंचा झोत जमिनीखालून ८०० मैलांवर साउथ डाकोटात पाठवण्याचा मोठा प्रकल्प उभारला जातोय. तिथे न्यूट्रिनो आदळणार ते द्रवरूप अरगॉनवर, म्हणजे १८ प्रोटॉन आणि २२ न्यूट्रॉनच्या केंद्रकावर. बाहेर पडलेल्या कणांवरून न्यूट्रिनोची ऊर्जा काढायची आहे. तो नेमका एखाद्या फुगडीवर आदळला आणि जोडीतला न्यूट्रॉन गुपचूप निसटला, तर हिशेबात तूट येणार. केंद्रकाच्या आतली राहणी नीट कळल्याशिवाय त्या मोजमापावर भिस्त ठेवता येत नाही.

आणि दुसरं कारण त्याहून मोठं. हायड्रोजन सोडला तर आपल्या शरीरातला, घरातला, जमिनीतला जवळजवळ प्रत्येक प्रोटॉन शेजाऱ्यांबरोबरच राहतो. कार्बनमध्ये, ऑक्सिजनमध्ये, लोखंडात. एकटा प्रोटॉन तपासून जे ज्ञान मिळालं, ते आपण ज्याचे बनलो आहोत त्या पदार्थाला जसंच्या तसं लागू पडत नाही, ही गोष्ट दहा-पंधरा टक्क्यांची म्हणून सोडून देण्याजोगी नाही.

न्यूयॉर्क, न्यू जर्सीकडच्या मंडळींना यातला पुढचा अंक घराजवळच पाहायला मिळणार आहे. लाँग आयलंडवर अप्टन इथल्या ब्रूकहेवन प्रयोगशाळेत २००० सालापासून सोन्याच्या केंद्रकांच्या टकरी घडवणारं यंत्र होतं. त्याच २.४ मैल घेराच्या बोगद्यात इलेक्ट्रॉन आणि केंद्रकं समोरासमोर आदळवणारं नवं यंत्र बांधायचं, असं अमेरिकन सरकारनं जानेवारी २०२० मध्ये जाहीर केलं. ते २०३०च्या दशकात चालू व्हावं अशी योजना आहे. प्रोटॉनपासून थेट युरेनियमपर्यंतची केंद्रकं त्यात फिरवता येतील, आणि क्वार्कांबरोबरच त्यांना जखडून ठेवणाऱ्या ग्लुऑनचंही वाटपपत्रक केंद्रकात कसं बदलतं ते तपासता येईल. आज जी मुलं आपल्या मंडळाच्या मराठी शाळेत बाराखडी गिरवतायत, ती पदवीधर होतील त्या सुमाराला त्यातले आकडे हाती येऊ लागतील. अशा प्रयोगशाळा अधूनमधून सर्वसामान्यांसाठी खुला दिवस ठेवतात. तारखांची आधी चौकशी करा आणि मुलांना घेऊन एकदा जाऊन याच. जेवणाचा डबा मात्र घरून न्या, प्रोटॉन बघून पोट भरत नाही.

ग्लुऑनचं नाव निघालंच आहे तर पुढच्या अंकात त्याच्याकडे वळू. तीन क्वार्कांच्या वस्तुमानांची बेरीज प्रोटॉनच्या वजनापुढे इतकी चिमुकली का भरते, आणि मग उरलेलं वजन आलं कुठून, हा त्या अंकाचा विषय. तोवर पत्रं पाठवत राहा. प्रश्न जितके रास्त, तितकी आमची अडचण जास्त आणि आनंदही.